गाडीत कोण?

सचिनचा फोन सकाळी मी शाळेत शिकवत असताना आला. "मामा, आबा गेले... झोपेतच." आबा म्हणजे त्याचे वडील, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, माझे दाजी. वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात उभा होतो. रडू आलं नाही. मनात पहिल्यांदा आलं ते एवढंच, की सुटले. आणि मग त्या शब्दाचाच राग आला, कारण दाजींना सुटायचं होतं ते असं नव्हे.

दाजी तिसगावचे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी पिकअप चालवली. आसपासच्या गावांतली जनावरं घोडेगावच्या बाजाराला न्यायची, लोकांनी विकत घेतलेली परत घेऊन यायची. कॉलेजला सुट्टी असली की मी त्यांच्या शेजारी बसून जायचो. बिचकलेला बैल गाडीत चढेना झाला की लोक मागून शेपटी पिरगाळायचे. दाजी त्यांना बाजूला सारायचे, स्वतः आत चढून पुढे उभे राहायचे आणि हलक्या आवाजात बोलवायचे, "ये... ये राजा." मला म्हणायचे, "मागून ढकललं तर त्याला वाटतं, कोंडत्यात. म्होरं आपलं मानूस दिसलं की येतंय बघ." बोलणं तर अखंड. जाताना एक गोष्ट सुरू व्हायची ती घोडेगावात चहा पिऊन परतीच्या वाटेलाही चालूच असायची.

अशा माणसाची वाचा गेली. अर्धांगवायूचा झटका आला, उजवं अंग गेलं. समजायचं सगळं, पण तोंडातून फक्त "हां" निघायचं. होकाराला हां, नकाराला हां, तहान लागली तरी हां. सचिन एमआयडीसीत कामाला, म्हणून ताई त्यांना घेऊन नागापूरला त्याच्या फ्लॅटवर राहायला आली. तिसरा मजला, लिफ्ट नाही. एकदा वर नेलं ते वरच. पलंग, खिडकी आणि समोर टीव्ही.

सचिनच्या मुलीला, ओवीला, मी चित्रांचं एक पुस्तक दिलं होतं. प्रत्येक पानावर एक वाहन, आतल्या प्राण्याचं फक्त शेपूट नाहीतर कान बाहेर दिसणार. ओळखायचं, गाडीत कोण? पुठ्ठ्याची झडप उघडली की रिक्षात हत्ती, स्कूटरवर बदक. खेळायला घरात दाजींशिवाय रिकामं कुणी नव्हतं. ओवी पलंगावर चढून विचारायची, "आबा, यात कोण?" दाजी म्हणायचे, "हां." ती टाळ्या पिटायची. "बरोब्बर! हत्ती!" त्यांचं उत्तर बरोबर धरणारं घरात तेवढं एकच माणूस होतं.

एका पानावर टेम्पो होता, फळ्यांच्या वर दोन शिंगं दिसणारा. ते पान आलं की दाजी डाव्या हाताने पुस्तक धरून ठेवायचे, उलटू द्यायचे नाहीत. पानावर थापा मारायचे, "हां, हां!" डोळे लाल व्हायचे. सून घाबरून पुस्तक वर ठेवून द्यायची. एका दुपारी मी तिथं असताना असंच झालं. ताई भाजी निवडत होती, ती तशीच उठली आणि पलंगाशी येऊन बसली.

"बाजारला जायचंय व्हय तुमाला? घोडेगावला?"

दाजींच्या तोंडून "हां"सुद्धा आलं नाही. नुसती मान डोलवत राहिले, आणि ढसाढसा रडले.

पुढच्या बाजारच्या दिवशी सचिनने आणि त्याच्या मित्रांनी त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून खाली आणलं, ओळखीच्या पिकअपमध्ये पुढच्या सीटवर बसवलं. मीही सोबत गेलो. बाजारात जुने व्यापारी गोळा झाले. कुणी चहा आणला, कुणी बैलाचा कासरा हातात दिला. दाजी त्या बैलाच्या कपाळावरून हात फिरवत किती तरी वेळ... कुणी घाई केली नाही.

परत आलो. खुर्ची जिन्याशी आली आणि दाजींनी डाव्या हाताने कठडा धरला. सोडेनात. सचिन एकेक बोट सोडवायला गेला तर त्याच्या हातावर नखं उमटली. "आबा, असं काय करता? लोक बघतायत." पोरं खुर्ची उचलून अवघडलेली. तेव्हा ताई बाजूने वर गेली, थोड्या पायऱ्या चढून वळली आणि हलकेच म्हणाली, "या... या." दाजी तिच्याकडे बघत राहिले. वर काय आहे ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी त्यांनी हात सोडला.

त्यानंतर टेम्पोचं पान आलं की दाजी तोंड भिंतीकडे करायचे. मग पुस्तक मागे पडलं आणि ओवीने खेळ खिडकीवर नेला. पलंगावरून खालचा रस्ता दिसत नाही, गाड्यांचा आवाज तेवढा येतो. मी शेवटचा भेटलो त्या संध्याकाळी एक गाडी गेली. "आबा, यात कोण?" दाजींनी डावा हात उचलून स्वतःच्या छातीवर ठेवला.

"तुम्ही? तुम्ही तर इथं आहात!" ओवी हसत सुटली. दाजीही हसले, निम्म्या चेहऱ्याने.

परवा गेलो होतो. पलंग अजून काढलेला नाही. ओवी त्यावर बसून चित्र रंगवत होती. खालून गाडी गेली. तिने काही विचारलं नाही, मानही वर केली नाही. "यात आबा," म्हणाली, आणि रंगवत राहिली.