तळ्याकडे पाठ करून बसणाऱ्या बाई

तळ्याकाठी पोचलं की बाई पाण्याकडे पाठ करून बसायच्या, डब्याचं झाकण उघडायच्या आणि विचारायच्या, "झालं का बघून?"

आम्ही तर नुकतेच टेकलेलो असायचो. कुणी मोबाइल उंचावत असे, कुणी नुसतंच "अहाहा" करत असे. त्या "अहाहा"चा बाईंना फार तिटकारा. "सगळे एकाच सुरात कसे हो भारावता?" म्हणायच्या.

लोणावळ्यात आमच्याच इमारतीत, तळमजल्यावर त्या राहत. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या. दर रविवारी आम्ही काही मंडळी जवळच्या कुरवंडे गावात गाड्या लावून तळ्यापर्यंत चालत जायचो. वाट अगदी सोपी. भातखाचरांचे बांध, मग करवंदीच्या जाळ्या, शेवटी जरासा चढ, आणि एकदम पाणी. एवढ्यासाठी आमचे निसर्गप्रेमी घोट्यापर्यंतचे बूट आणि दोन-दोन काठ्या घेऊन येत. बाई साध्या चपलेवर, पदर खोचून, सगळ्यांच्या पुढे.

असं माणूस तुम्हीही पाहिलं असेल. सगळ्याला नावं ठेवणार आणि एकही रविवार चुकवणार नाही. "आवडत नाही तर येता कशाला?" मी एकदा विचारलं.

"घरी बसून कुणाला नावं ठेवू? भिंतींना?"

पुढे तळेगावचे एक गृहस्थ गटात आले. कुठल्याशा कारखान्यात मोठे साहेब होते म्हणे. पहिल्याच रविवारी त्यांनी सगळ्यांना काठावर मांडी घालून बसवलं. "डोळे मिटा. तळं आत उतरू द्या."

बाई बोटाला लागलेली चटणी चाटत म्हणाल्या, "डोळेच मिटायचे होते तर माझं अंथरूण काय वाईट होतं?"

दोघं-तिघं हसले. गृहस्थ हसले नाहीत. त्या रात्री ग्रुपवर चर्चा झाली. बाईंमुळे वातावरण बिघडतं, त्यांना कुणीतरी समजवावं. शेजारी म्हणून ते काम माझ्या गळ्यात आलं. मी ते केलं नाही. मला चालताना हसायला काहीतरी लागतं.

पावसाळा सरल्यावर एका रविवारी चढाच्या टोकाला लोखंडी फाटक दिसलं. दोन्ही बाजूंना तारेचं कुंपण, 'खासगी मालमत्ता' अशी पाटी, आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीत रखवालदार. "मालकांनी सांगितलंय, कुणालाच सोडायचं नाही," तो म्हणाला.

गृहस्थांनी पाटी नीट वाचली. "शेवटी मालकी हक्क आहे," म्हणाले. ज्यांच्या आत तळं उतरलं होतं, त्यांच्या आत ते पाच मिनिटांत आटलंसुद्धा. मंडळी भजी खायला दुसऱ्या पॉइंटकडे वळली.

बाई फाटकासमोरच्या दगडावर बसल्या. "तुम्ही जा. भजी गार होतील."

मी थांबलो. थोड्या वेळानं कुरवंड्याचे एक आबा म्हशी घेऊन आले आणि फाटकापासून बाजूला वळू लागले. बाईंनी हटकलं तसे म्हणाले, "माज्या आज्याच्या येळची वाट हाय ही. आता पान्याला लय लांबनं जावं लागतंय. म्हसरं दमत्यात."

"मग गप्प का बसलात?"

"एकल्यानं काय बोलायचं?"

"एकटे येऊ नका. पुढच्या रविवारी गाव घेऊन या. म्हशींसकट."

गाव आलं. आमच्या गटातलं कुणी आलं नाही. कुणी कळवलं कोण जाणे, मालकही बांध रुंदावून केलेल्या नव्या कच्च्या रस्त्यानं गाडीतून आले. बोलायला गोड माणूस. "मॅडम, तुम्ही या गावच्या नाही. तुमचा इथे संबंध काय?"

"चालण्याचा."

मालक आबांकडे वळले. जनावरांसाठी रोज टँकर पाठवतो म्हणाले.

"आणि म्हशींनी डुंबायचं कुठे?" बाईंनी विचारलं. "टँकरात?"

रखवालदारानं मान खाली घातली. त्याचे खांदे हलत होते. मग आबा सावकाश म्हणाले, "सायेब, जागा तुमची, न्हाई म्हनत न्हाई. पर तुमची गाडी कुटनं आली? आमच्याच बांधावरनं न्हवं का?"

मालकांनी मागे पाहिलं. गाडीच्या चहूबाजूंना म्हशी उभ्या होत्या.

फाटक तसंच राहिलं. पण आठवड्याभरात शेजारची तार निघाली आणि म्हैस जाईल एवढी वाट मोकळी झाली. मग आमचे निसर्गप्रेमीही परतले. गृहस्थांनी ग्रुपवर लिहिलं, "आपल्या प्रयत्नांना यश." मी ते बाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "हो तर. केवढी भजी खाल्ली बिचाऱ्यांनी."

गेल्या उन्हाळ्यात बाई झोपेतच गेल्या. दहाव्या दिवशी आबा धुतलेली टोपी घालून, आमच्या इमारतीचा पत्ता विचारत आले. बाईंच्या बंद दाराशी थोडा वेळ उभे राहिले, मग माझ्याकडे पाणी प्यायले. "लय तोंडाळ बाई," म्हणाले. "बरं वाटायचं."

आम्ही अजून जातो. आता कुणीच कुणाला काही बोलत नाही, त्यामुळे चाल फार लांबल्यासारखी वाटते. आम्ही फाटकाशेजारून आत शिरू लागलो की रखवालदार खुर्चीतून उठतो. नेहमी पुढे असणारं माणूस आमच्यामागून येतंय का, ते चढाच्या खालपर्यंत पाहतो आणि पुन्हा बसतो.