उजव्या पायाचा ब्रेक

आमच्या ह्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. गावभराचे ब्रेक नीट करतात, पण स्वतःच्या सायकलला ब्रेक नाही. उजवा पाय रस्त्यावर घासून थांबतात. दर दोन महिन्यांनी चप्पल झिजते.

परवा कायदा कडक झाला. सायकलने कुणाला जखमी केलं, तर थेट तुरुंग. तेव्हापासून ह्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू. "मोटारवाले मोकाट, आणि आम्ही गरीब तेवढे सापडलो."

मी म्हटलं, "समोरच्या आजी कुबडी घेऊन चालतात, त्या काय मोटारीखाली आल्या होत्या? तुम्हीच पाडलंत त्यांना."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात ह्यांची खाली मान घालून ठोकाठोक चाललेली. म्हटलं, आली एकदाची अक्कल. जवळ जाऊन बघते तर उजव्या चपलेला टायरचा तळ ठोकत होते.