रबरी लाद्यांवरची नावं

लखनऊला निघताना बायकोने दशम्यांचा डबा दिला आणि बजावलं, "तिथे कुणाशी भांडू नका." माझा स्वभाव तिला ठाऊक आहे.

सांगलीत आमचं व्यायामशाळेच्या सामानाचं दुकान. कारखान्याकडून रबरी लाद्या करून घ्यायच्या आणि आपलं नाव उठवून विकायच्या, ही कल्पना थोरल्या भावाची, सुहासदादाची. त्यासाठी तो मला न सांगता लखनऊला जाऊन आला, तेव्हा उचलली जीभ लावली टाळ्याला, मी गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, "स्वतःचं नाव मिरवायची हौस!" त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद झालं. गेल्या पावसाळ्यात तो झोपेतच गेला. आता लाद्यांवर त्याचंच नाव घालावं, एवढं तरी करावं, म्हणून मी निघालो.

सकाळी निशातगंजात ख़स्ता (बटाट्याच्या भाजीसोबतची खुसखुशीत कचोरी) खाल्ला आणि रिक्षाने शहराबाहेरचा कारखाना गाठला. फाटकावरचा म्हातारा उठून उभा राहिला. "आइए भाईसाहब, इस बार बड़े दिन लगा दिए।"

मी लखनऊत पहिल्यांदाच आलो होतो. अंगावर काटा आला. आम्हा भावांचा चेहरा एकच, एवढं समजायलासुद्धा मला चार पावलं चालावं लागलं.

त्या पावलांचा आवाजच आला नाही. आत सगळी जमीन काळ्या लाद्यांची, आणि प्रत्येक लादीवर वेगळं नाव. बाहेर ऊन असूनही तिथे गार वाटत होतं. मी नावं चुकवत चालू लागलो.

"बेफ़िक्र चलिए," मालक इरफ़ानचाचा म्हणाले. "साँचा बनवाकर जो नहीं लौटे, उनकी पहली टाइल यहाँ बिछी है। अमानत है (विश्वासाने सांभाळलेली ठेव). लौटे तो उठाकर दे देते हैं।"

"और न लौटे तो?"

"तो बिछी रहती है।"

मी दादाचं नाव शोधू लागलो. खिडकीजवळ पाय थबकला. खाली लिहिलं होतं, 'मोहन, सांगली'. ते माझं नाव. क्षणभर वाटलं, गेलो तो मीच, आणि मला कुणी कळवलेलं नाही.

"ये तो मेरा नाम है," मी कसाबसा म्हणालो.

"अच्छा, मोहन आप हैं! शक्ल तो हूबहू बड़े भाईसाहब की है। मैंने उनसे पूछा था, अपना नाम क्यों नहीं? बोले, छोटा ग़ुस्सैल है, नाम देखेगा तो मान जाएगा। वो साथ नहीं आए?"

मी नकारार्थी मान हलवली. लाजेने मला वर बघवेना.

चाचांनी माझी लादी उचलून दिली. मी 'सुहास' नावाचा साचा सांगितला. त्याची पहिली लादी त्याच रिकाम्या जागी बसवा, म्हटलं. ती न्यायला कुणी येणार नाही, हे मला सांगावं लागलं नाही.

परतीच्या गाडीत माझी लादी उशाशी होती. बोगीभर रबराचा वास. घरी बायकोने विचारलं, "भांडला नाहीत ना?" मी नाही म्हटलं.

लादी आता दुकानात दादाच्या खुर्चीखाली आहे. खुर्ची सरकली तरी आवाज होत नाही. म्हणून दादा येऊन बसला का, हे मी दिवसातून दहा वेळा मान वळवून बघतो.