मिस्त्रींचा अर्धा तास

हापसा बंद पडला की मिस्त्री त्याच्याशेजारी गुडघे टेकून बसायचे, लोखंडाला कान लावायचे, डोळे मिटायचे आणि कोणाला तरी दांडा दोनदा खाली-वर करायला सांगायचे. मग वैद्यानं नाडी सोडावी तसे उठून म्हणायचे, "वायसर गेलाय. तळाचा." आणि तळाचाच गेलेला असायचा. पाणीखात्यात चौतीस वर्षं काढली, एकदाही निदान चुकलं नाही, असं ते स्वतः सांगायचे. एकदा चुकलं होतं, असं त्यांची बायको सांगायची, पण ते लग्नाच्या बाबतीत, असंही लगेच पुढे जोडायची.

निवृत्त झाल्यावर माणूस पहिला महिनाभर मजेत असतो आणि दुसऱ्या महिन्यात घरच्यांच्या पायात यायला लागतो. मिस्त्रींनी घरातले सगळे नळ दोन-दोनदा उघडून बसवले. शेजाऱ्यांचे, न विचारता, एकेकदा. अशात चष्म्याच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर जिची कचेरी होती, त्या संस्थेच्या अध्यक्षबाई घरी आल्या. बाई पेशानं डॉक्टर. संस्था परदेशातल्या पाणी नसलेल्या गावांत हापसे बसवायची. संचालक मंडळावर एक वकील, एक प्राध्यापक, दोन व्यापारी, सेक्रेटरी आणि स्वतः बाई. "सगळे हुशार आहेत हो," बाई म्हणाल्या, "पण हाताला ग्रीस लागलेलं आमच्यात कोणी नाही. तुम्ही या. पगार मात्र नाही, हे सेवेचं काम आहे."

त्या गेल्यावर बायकोनं विचारलं, "पगार नाही, तर मग देतात काय?"

"चहा. आणि मान."

"बरं झालं. मान घरी आणा, माळ्यावर जागा आहे."

मेव्हण्याला तर ऊतच आला. "दाजी, आता आम्हाला भेटायला चिठ्ठी पाठवावी लागणार का?"

पहिलं वर्षभर मिस्त्री बैठकीत एकच शब्द बोलले, तो म्हणजे "अनुमोदन". समोर कागदांची जाडजूड फाईल यायची. वकीलसाहेब पान उलटतील तेव्हा मिस्त्री पान उलटायचे, प्राध्यापक ज्या ओळीखाली पेन्सिल ओढतील त्या ओळीखाली तेही ओढायचे. एकदा प्राध्यापकांनी झुरळ मारायला पेन्सिल आपटली, तर यांनी त्या जागी ठळक टिंब केलं. सातवी शिकलेल्या माणसाला असल्या खोलीत आपले हात कुठे ठेवावेत तेच कळत नाही. मिस्त्री ते मांडीखाली ठेवायचे.

मग एक दिवस नव्या कामाचा आराखडा आला. दूरच्या एका देशातल्या सव्वीस गावांत हापसे. कागद वाचता वाचता अध्यक्षबाई थांबल्या आणि म्हणाल्या, "मिस्त्री, हे तुमचं क्षेत्र. वायसर गेला तर गावातल्या बायका स्वतः बदलू शकतील का? किती वेळ लागतो?"

सहाच्या सहा चेहरे एकदम त्यांच्याकडे वळले. वर्षभरात पहिल्यांदा. मिस्त्रींचे हात मांडीखालून आपोआप टेबलावर आले.

"अहो, अर्ध्या तासाचं काम!" ते म्हणाले. "मी डोळे मिटून करायचो."

हशा झाला. वकीलसाहेबांनी टेबलावर थाप मारली. "याला म्हणतात अनुभव!" आराखड्यात हापशाचे जमिनीतले नळ वर ओढायच्या हत्यारांची एक तरतूद होती आणि बायकांना आठवडाभर शिकवायची एक. प्राध्यापक म्हणाले, अर्ध्या तासाच्या कामाला हत्यारं आणि आठवड्याचं शिक्षण कशाला, एक चित्रांचं कार्ड छापू आणि वाचलेल्या पैशात आणखी दोन गावं घेऊ. कोणाला पटणार नाही? सगळ्यांचे हात वर गेले. मिस्त्रींचा सगळ्यांत आधी.

घरी येऊन त्यांनी जेवता जेवता सगळा प्रसंग बायकोला करून दाखवला, थापेसकट. ती म्हणाली, "अर्धा तास? मग चौतीस वर्षं रोज दिवेलागणीला कुठून उगवायचात?" मिस्त्री इतके हसले की ठसका लागला. पुढे त्यांना आठवायचं ते हे, की आपण हसलो होतो.

दोन वर्षांनी साठ गावांचा पुढचा आराखडा तयार झाला, आणि मंजुरीआधी कोणीतरी जाऊन पहिली अठ्ठावीस गावं बघून यावीत असं ठरलं. पाठवले मिस्त्रींना. विमानात बसायला म्हणून नवी चप्पल घेतली, ती चावली. तिकडे उतरले तेव्हा न्यायला दुभाषी पोरगी आली होती. तिची आई मिस्त्रींच्या मुलखातली, म्हणून भाषा येत होती. "काका" म्हणाली आणि बॅग हातातून काढून घेतली. मिस्त्रींना वाटलं, आपलं नशीब जोरावर आहे.

पहिल्याच गावात हापशाचा दांडा दोरीनं बांधून ठेवलेला होता. गाईला खुंट्याला बांधावं तसा. गावाखाली कोरड्या ओढ्यात एक खड्डा होता आणि बायका त्यातून वाटीनं पाणी घागरीत भरत होत्या.

"कधीपासून?" मिस्त्रींनी विचारलं.

"आठ महिने," पोरगी म्हणाली.

हापशाची राखण ज्या बाईकडे होती ती पुढे आली. चाळिशीची, उंच, आवाज खणखणीत. मिस्त्रींनी आपले गुडघे टेकले, लोखंडाला कान लावला, डोळे मिटले. "वायसर. तळाचा," ते म्हणाले.

पोरगीनं ते तिकडच्या भाषेत सांगितलं. बाई काहीतरी म्हणाली आणि मागच्या बायका फिसकन हसल्या.

"काय म्हणाल्या?"

पोरगी जरा अवघडली. "म्हणतात, ते आम्हालाही माहीत आहे, काका. त्यासाठी मान वाकडी कशाला करायची?"

मिस्त्रीही हसले. मग बाई शेजारच्या दगडावर बसली आणि तिनं ओच्यातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं कार्ड काढलं. तेच चित्रांचं कार्ड. पाच चित्रं, आणि खाली कोपऱ्यात एक घड्याळ, अर्धा तास रंगवलेला. कार्ड उलगडताना तिचा उजवा हात मिस्त्रींना दिसला. मधली दोन बोटं पेरापासून नव्हती.

पोरगी तिचं बोलणं वाक्यावाक्यानं सांगत गेली. वायसर गेला तेव्हा बारा बायका आणि चार पुरुष जमले. नळ तेरा होते, एकाखाली एक जोडलेले, आत पाणी भरलेलं. दोरी आणि हात, एवढंच सामान. चार दिवसांत आठ नळ वर आले. नववा निसटला आणि खालच्या सगळ्या ओझ्यासकट हातभर आत जाऊन दोरीला अडकला. हिचा हात मध्ये होता. मग वर आलेले नळ परत जोडून आत सोडले आणि दांडा बांधून टाकला.

"आणि काका," पोरगी म्हणाली, "त्या माफी मागताहेत."

"कशाची?"

"कार्डावर अर्धा तास दाखवलाय. आमच्या हातून चार दिवसांतही झालं नाही. शेजारच्या गावातही नाही झालं. तुम्ही लांबून एवढी चांगली वस्तू पाठवलीत आणि आम्ही अडाण्यांनी ती घालवली, असं त्या म्हणतात. ज्यांनी अर्धा तास सांगितला ते तुमच्याकडचे कोणी मोठे इंजिनीअर असतील. त्यांना विचारून सांगाल का, की आमचं नेमकं काय चुकलं?"

बाई मिस्त्रींच्या तोंडाकडे बघत होती. पोरगी बघत होती. मागच्या बायकाही आता हसत नव्हत्या.

"विचारतो," मिस्त्री म्हणाले.

एवढंच. विचारतो. चौतीस वर्षांत न चुकलेल्या माणसाच्या तोंडून त्या घडीला तेवढंच निघालं.

आता तुम्ही विचाराल, मिस्त्री खोटं बोलले होते का बैठकीत? नाही हो. गंमत म्हणा की दुर्दैव म्हणा, त्यांना तसंच आठवत होतं. खात्याची गाडी असायची, लोखंडी तिपाई असायची, साखळीची कप्पी असायची आणि चार गडी असायचे. गाडी थांबली की मिस्त्री कान लावून निदान सांगायचे आणि झाडाखाली जाऊन चहा प्यायचे. गडी तिपाई उभी करायचे, नळ ओढायचे, एकेक सांधा सोडवायचे. त्यातला एक जाड होता, तो नळ वर येताना गाणं म्हणायचा. एकाच्या पाठीला पुढे कायमचा पट्टा लागला. वायसर ज्यात बसतो तो तळाचा डबा जमिनीवर आला की ते हाक मारायचे, "मिस्त्री, या!" मग मिस्त्री कप खाली ठेवून यायचे, डबा उघडायचे, जुना वायसर काढून नवा बसवायचे. त्याला लागायचा अर्धा तास. बाकीचे तीन-चार तास त्या चौघांचे होते, आणि ते मिस्त्रींनी कामात कधी धरलेच नव्हते. दूरदेशीच्या त्या हापशापाशी उकिडवं बसल्यावर त्यांना त्या चौघांची नावं आठवायची वेळ आली, आणि एकाचं आठवेना.

मिस्त्री ठरल्यापेक्षा तीन दिवस जास्त राहिले. गावातले तीन वासे बांधून तिपाई केली, बैलाचा दोर लावला, नळ निसटू नये म्हणून दोन पाचरी ठोकायची युक्ती काढली. या वेळी चहाला झाडाखाली गेले नाहीत. नळाला हात लावला आणि दुपारपर्यंत तळव्यांची सालं निघाली. दीड दिवस लागला, आणि तोही मिस्त्री असताना. पाणी आलं तेव्हा बायकांनी आरोळ्या ठोकल्या. राखणदार बाईनं पहिला पेला भरून आपल्या तीन बोटांच्या हातानं मिस्त्रींपुढे धरला. त्यांनी तो घेतला. पाणी गोड होतं. तेव्हाही सांगता आलं असतं. पोरगी म्हणाली, "काका, त्या म्हणतात तुम्ही देवमाणूस आहात." मिस्त्री चपलेचा अंगठा नीट करायला खाली वाकले.

परतल्यावर अहवाल लिहायला बसले. पहिल्या कागदावर लिहिलं, "नळांचा दर्जा कमी आढळला." नळ उत्तम होते. कागद फाडला. दुसऱ्यावर लिहिलं, "स्थानिक लोकांत कौशल्याची उणीव." तो तर इतका बारीक फाडला की बायकोला झाडू घ्यावा लागला.

मेव्हणा म्हणाला, "दाजी, कशाला स्वतःवर ओढवून घेता? सात जणांचे हात वर होते ना? अंगाला सातवा हिस्सा लावून घ्या आणि गप्प बसा."

बायकोला त्यांनी सगळं सांगितलं, बोटांसकट. तिनं निवडत असलेलं ताट बाजूला ठेवलं. "तिला सांगितलंत, की ते तुम्ही म्हणाला होतात?"

"नाही."

"मग मला काय सांगताय?" ती म्हणाली आणि ताट पुन्हा ओढलं.

बैठकीच्या दिवशी साठ गावांचा आराखडा समोर होता, तसाच, कार्डासकट. मिस्त्री उभे राहिले. बैठकीत कोणी उभं राहत नाही, सगळे बसूनच बोलतात, पण यांना बसून बोलता येईना. झाडाखालच्या चहापासून "विचारतो" पर्यंत सगळं सांगितलं.

मंडळी फार चांगली हो. तिथंच तर घोटाळा झाला. अध्यक्षबाईंचे डोळे भरले, त्या म्हणाल्या, "मिस्त्री, निर्णय सगळ्यांचा होता. आम्हीही विचारायला हवं होतं." प्राध्यापकांनी पाण्याचा पेला पुढे केला. वकीलसाहेब सेक्रेटरींना मजकूर सांगायला लागले, "लिहा, पाहणीनंतर सभासदांच्या असं निदर्शनास आलं की..."

"सभासदांच्या नको, वकीलसाहेब," मिस्त्री म्हणाले. "माझ्या. हापसा मिस्त्रीनं चुकीचं सांगितलं, असं लिहा."

"अहो, असं नाव घालायची पद्धत नसते."

"अर्धा तास म्हणालो तेव्हा टेबलावर थाप माझ्याच नावानं मारलीत ना? मग हेही माझ्याच नावानं लिहा."

सेक्रेटरींनी अध्यक्षबाईंकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली, आणि तसं लिहिलं गेलं. साठ गावं थांबली. आधी अठ्ठावीस गावांना कप्प्या, तिपाया आणि आठवडाभराचं शिक्षण, मग पुढचं. जिना उतरताना वकीलसाहेबांनी मिस्त्रींच्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाले, "मोठं मन लागतं याला." मिस्त्रींना तो हात खांद्यावरून काढून ठेवावासा वाटला. कौतुक कोणाचं चाललंय, आणि बोटं कोणाची गेली!

मग त्यांनी बाईला पत्र लिहिलं. पाचवा खर्डा बायकोला पसंत पडला, कारण त्यात "परिस्थिती" हा शब्द नव्हता. ते दुभाषी पोरीकडे धाडलं. दीड महिन्यानं उत्तर आलं, पोरीच्याच अक्षरात:

"काका, पत्र सगळ्यांसमोर वाचलं. मग बाई म्हणाल्या ते जसंच्या तसं लिहिते. मी माफी मागत होते तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी होतात. हात लांब केला असतात तर माझ्या हाताला लागला असता. इतक्या जवळ बसून बोलला नाहीत आणि घरी जाऊन कागदावर बोललात. बायका चार दिवस मलाच हसत होत्या, की हिला घड्याळ वाचता येत नाही. शिकवायला कोणी पाठवणार असाल तर तुम्हीच या. आधी त्यांच्यासमोर हे सांगा, मग पान्याला हात लावा."

मिस्त्रींनी पत्र बायकोपुढे ठेवलं. तिनं दोनदा वाचलं. "बाई भली दिसते," ती म्हणाली. "बोलावतेय तरी."

तर आता मिस्त्री पुढल्या महिन्यात जाणार आहेत. दुभाषी पोरगीनं मध्ये उभं राहून सांगायचं, हे त्यांना नको आहे. तिच्याकडून फोनवर एक वाक्य तिकडच्या भाषेत शिकून घेतलंय: अर्धा तास मी सांगितला होता, आणि ते खोटं होतं. वाक्य लहान आहे, पण त्या भाषेत घशातून काढायचे दोन आवाज आहेत आणि मिस्त्रींच्या घशात ते बसत नाहीत. सकाळी मागच्या ओट्यावर ते घोकत असतात. शेजाऱ्यांना वाटतं, म्हाताऱ्याला खोकला झालाय. अर्ध्यात आवाज बारीक होतो, शेवटचे शब्द तोंडातल्या तोंडात जातात.

"ऐकू नाही आलं," बायको आतून म्हणते. "परत."