अवाताकचं नाव

आमच्या बर्फातल्या वस्तीतला थोरला अवाताक छातीच्या दुखण्याने गेला आणि त्याच आठवड्यात सबिनेला मुलगी झाली. तिचं नाव काय ठेवायचं हे कुणी विचारलंच नाही, तीही अवाताकच. गेलेल्याचं नाव उघड्यावर राहिलं तर त्याला थंडी वाजते, म्हणून ते त्यानंतर पहिल्यांदा जन्मणाऱ्या पोराला देतात. मुलगा की मुलगी हे आम्ही पाहत नाही. नाव आलं की माणूस आला, आणि माणसाबरोबर त्याची नातीही आली.

त्यामुळे पोर रांगायच्या आतच थोरल्याचा धाकटा भाऊ एनोक तिला दादा म्हणायला लागला. केस पिकलेला हा गडी सीलची शिकार घेऊन आला की आधी तिच्यापुढे काळीज ठेवायचा आणि म्हणायचा, "दादा, तुला आवडतं ना?" तिला दात नव्हते. सबिने कधी पोरीवर हात उगारायची, तर हा दारातून ओरडायचा, "माझ्या दादाला मारायचं नाही हं." थोरल्याला माशाचं डोकं आवडत नसे, म्हणून पोरीलाही कुणी माशाचं डोकं वाढलं नाही. तिला ते आवडलं असतं की नाही, कोण जाणे.

फक्त एका बाईने हे नाव मानलं नाही आणि ती थोरल्याची बायको, बिबियाने. रीतीप्रमाणे तिने पोरीला 'अहो' म्हणायला हवं होतं. दुसऱ्या गावची एक विधवा नवऱ्याचं नाव मिळालेल्या, शाळेत जाणाऱ्या पोराला 'अहो, टोपी घाला' म्हणते आणि कुणाला हसू येत नाही. पण बिबियानेच्या तोंडून एकच निघायचं, "सबिनेची पोर." लोक तिला दगडाच्या काळजाची म्हणत. मीही म्हणत असे, कारण आमचं दार तिच्या दाराला लागून आणि मला तोंड आवरत नाही.

कारण मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. वसंतात काळ्या टोकाजवळ हॅलिबट मासा लागतो. तिथे पाणी वळतं आणि बर्फ खालून खातं. वरून बघावं तर सगळं पांढरं आणि घट्ट. एका सकाळी थोरला अवाताक आपल्या मुलाला, निकोलायला कुत्र्यांच्या गाडीवर घेऊन तिकडे निघाला. बिबियाने किनाऱ्यावर आली आणि जाऊ नका म्हणाली. सगळ्यांच्या देखत तो हसून बोलला, "तू तुझी सुई बघ, बर्फ मी बघतो." संध्याकाळी तो निम्मे कुत्रे घेऊन एकटाच परत आला. पोरगा मिळाला नाही. त्यानंतर थोरला मरेपर्यंत त्या घरात निकोलायचं नाव निघालं नाही. बिबियाने नवऱ्याचे कातड्याचे बूट शिवत राहिली, तो घालत राहिला. नवरा-बायकोत एवढी शांतता मी दुसऱ्या कुठल्या घरात ऐकली नाही.

पोर मोठी होत गेली. जरा कळू लागलं तशी ती आपल्या वाटणीचं मांस घेऊन बिबियानेच्या पायरीवर जायची. बिबियाने भांडं घ्यायची, घासून परत द्यायची आणि दार लावायची. एकदा पोरीने मला विचारलं, "मी काय केलंय तिचं?" मी सांगितलं, तू काही नाही केलंस, तुझ्या नावाने केलंय. त्यावर ती म्हणाली, "मग नाव तरी पुरतं द्या. एक माणूस मला ओळखत नाही, तर मी अर्धीच आहे."

पुढे तिने स्वतःचे कुत्रे पाळले, गळांच्या लांब दोऱ्या केल्या आणि गड्यांच्या बरोबरीने बर्फावर जाऊ लागली. कुत्री तिचं ऐकत. हसायची कमी, पण हसली की एनोकला भाऊच दिसायचा.

मग तो वसंत आला. काळ्या टोकाशी मासा लागल्याची बातमी आली आणि सगळ्यांनी गाड्या जुंपल्या. अवाताकने आदल्या दिवशी जाऊन लोखंडी काठीने बर्फ ठोकून पाहिला होता, एनोकनेही पाहिला होता. कुत्री ओढायला लागलेली, तेवढ्यात बिबियाने घसरत-सावरत किनाऱ्यावर आली आणि नेमकी अवाताकच्या कुत्र्यांपुढे उभी राहिली.

"टोकाकडे जाऊ नकोस. खालून पाणी खातंय."

कुत्रीसुद्धा गप्प झाली, असं मी म्हणणार नाही. ती भुंकतच होती. माणसं मात्र हातातलं काम सोडून बघत राहिली. एनोक हळूच म्हणाला की बर्फ हातभर जाड आहे. अवाताकने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती गाडीवरून उतरली आणि एकेका कुत्र्याचे पट्टे सोडायला लागली. बिबियाने वळून घरी गेली.

बाकीचे सगळे गेले आणि संध्याकाळी गाड्या भरभरून परत आले. बर्फ जमिनीसारखा होता. मग चेष्टेला काय तोटा. कुणी म्हणालं, वस्तीत आता सुईचं राज्य आलं. एनोकही हसला, "दादा, म्हातारपणी भ्यायला लागलास." अवाताक मान खाली घालून कुत्र्यांना मासे तोडून टाकत होती.

तेवढ्यात बिबियानेचं दार उघडलं आणि तिने वरून हाक मारली, "अहो, जेवायला या."

एनोकच्या हातातला मासा खाली पडला. अवाताक उठली, हात बर्फाने पुसले आणि गेली.

आमच्या दोन घरांत एकच पातळ भिंत. मी कान लावला नाही, पण हलवलाही नाही. आधी भांड्यांचा आवाज झाला, सीलच्या सारात कांदा पडल्याचा वास आला. मग बिबियाने बोलायला लागली आणि थांबेचना. बर्फ चांगला आहे हे मला दिसत होतं, मी आंधळी नाही, म्हणाली. तुम्ही एकदा तरी माझ्या शब्दाने थांबता का, एवढंच बघायचं होतं. मग निकोलायचं नाव निघालं. त्याचे हातमोजे अजून पेटीत आहेत, तो पाण्याला भ्यायचा हे तुम्हाला माहीत होतं, तुम्ही परत आलात आणि जेवायला बसलात. इतक्या वर्षांचं सगळं ती नवऱ्याला बोलावं तसं बोलली, आणि समोरची ऐकत होती. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

शेवटी ती थकली. मग अवाताकचा आवाज आला.

"चुकलं माझं. मी ऐकायला हवं होतं."

पलीकडे सार पुन्हा वाढल्याचा आवाज आला. मग बिबियाने म्हणाली, "एवढं म्हणायला मरावं लागलं का हो तुम्हाला?"