वन्संचा झेनॉन

उजेडावर आमच्या वन्संइतकं प्रेम साऱ्या मुलुंडात कुणी केलं नसेल, आणि घरातल्या दिव्यांचा इतका दुस्वासही कुणी केला नसेल. वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. ऐंशी सालानंतर केव्हातरी मी लग्न होऊन त्या घरात आले, तेव्हा त्या चेंबूरपलीकडच्या एका प्रयोगशाळेत नोकरीला होत्या. पोलादी भांड्यात झेनॉन नावाचा वायू भरायचा, त्यातून किरणोत्सारी पदार्थांचे किरण गेले की तो वायू क्षणभर चमकतो, आणि त्या चमकेवरून किरण मोजायचे, असं त्यांचं काम. गंमत म्हणजे ती चमक माणसाच्या डोळ्यांना दिसतच नाही. ती दिसते एका काचेच्या नळीला, आणि नळी यंत्राला सांगते. म्हणजे जिच्यासाठी जिवाचं रान केलं, ती चमक वन्संनी कधी पाहिलेलीच नव्हती. "एकदा बघायला मिळाली असती ना गं," असं त्या पोळी लाटता लाटता मध्येच म्हणायच्या, आणि त्यांचं ऐकता ऐकता तव्यावरची माझी पोळी करपायची.

त्या चमकेचे वैरी दोन, बाहेरची हवा आणि बाहेरचा उजेड. हवेचा अंश भांड्यात शिरला की चमक विझते, आणि उजेडाची तिरीप नळीवर पडली की नळी आंधळी होते. माणसानं हे वैरी कामावर ठेवून यावं की नाही? वन्सं त्यांना रोज घरी घेऊन यायच्या. गॅसचा नवा सिलिंडर आला की साबणाचा फेस लावून बुडबुडे शोधायच्या, आधी आमच्याकडे, मग शेजारीपाजारी. खिडक्यांच्या फटींना काळ्या चिकटपट्ट्या लावायच्या. हाताचं तेल पोलादाला लागू नये म्हणून घरातले स्टीलचे डबेही फडक्यानं धरायच्या, आणि शेजारच्या आजी ते कडक सोवळं समजून आपल्या सुनांना त्यांचं उदाहरण द्यायच्या. मुलुंडला तेव्हा वीज अधूनमधून जायचीच, पण मेणबत्तीला सक्त मनाई होती. "थांबा जरा, डोळ्यांना सवय होऊ दे, मग दिसतं," असं त्या म्हणायच्या, आणि तोवर आम्ही एकमेकांच्या पायांवर पाय देत फिरायचो.

वन्संचं लग्न कधी जमणार, ही सासूबाईंची काळजी. बघायला येणाऱ्या प्रत्येकाला वन्सं झेनॉन समजावून सांगायच्या आणि पाहुणे पोहे अर्धे टाकून उठायचे. मग एकदा कांदिवलीचे चित्रकलेचे एक मास्तर आईला घेऊन आले, आणि ते जिना चढत असतानाच वीज गेली. सासूबाई काडेपेटी शोधू लागल्या, तर ती वन्संनी नेहमीप्रमाणे लपवलेली. बघण्याचा कार्यक्रम मिट्ट काळोखात पार पडला. मी मनात म्हटलं, लागली वाट. पण मास्तर निवांत बसले. वन्संनी त्यांनाही ती चमक समजावली, आणि तोवर कुणी विचारलं नव्हतं ते त्यांनी विचारलं, "पण तिचा रंग कोणता असेल असं वाटतं तुम्हाला?" मग दोघं रंगांवर किती वेळ बोलत होते, कोण जाणे. वन्संना इतकं हसताना मी कधी ऐकलं नव्हतं. वीज काही आली नाही, तेव्हा शेजारून बॅटरी मागून आणून पाहुण्यांना खाली पोचवायला मीच गेले.

मास्तरांचा होकार होता. पण त्यांच्या आईनं निरोप धाडला, किरणांत काम करणाऱ्या मुलीला मूलबाळ होत नाही म्हणतात, तेव्हा राहू दे. वन्सं स्वतः जाऊन समजावून सांगायला निघाल्या होत्या, तर मुलीकडच्यांनी असं जाऊ नये म्हणून सासूबाईंनी अडवलं. मास्तर आईच्या शब्दाबाहेर गेले नाहीत आणि सगळं तिथंच संपलं. वन्सं दुसऱ्या दिवशी नेहमीसारख्या कामावर गेल्या. फक्त बाजारात मागून कुणी पुरुष भाव विचारू लागला, की त्या पिशवी खाली ठेवून ऐकत उभ्या राहायच्या. चेहरा पाहिलेलाच नव्हता, ओळखीचा होता तो आवाज तेवढा. मी त्यांची पिशवी उचलायचे आणि नजर चुकवायचे.

कारण मी मास्तरांना पाहिलं होतं, जिन्यात, बॅटरीच्या उजेडात. वन्सं कधीतरी विचारतील म्हणून मी वर्षानुवर्षं वाट पाहिली. सासूबाई गेल्यानंतर एका संध्याकाळी अशीच वीज गेली, घरात आम्ही दोघीच, आणि मला राहवलं नाही. म्हटलं, "वन्सं, मास्तर कसे होते, सांगू?"

त्या अंधारात चाचपडत माझ्याजवळ येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "ती चमक तरी मी कुठे पाहिलीय? नळीनं पाहिली, मी मानलं." आणि थोड्या वेळानं अगदी हळू, "बरे होते ना गं?"

"बरे होते, वन्सं. जिना उतरताना आपल्याशीच हसत होते."

"मग झालं तर," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात वीज आली. वन्सं उठल्या आणि त्यांनी दिवा मालवला. मीही लावा म्हटलं नाही.