तीन सीडींचा गणपती

आमचा गणपती पाच दिवसांचा असतो. गेल्या वर्षी मात्र तो यायच्या आधीच गेला, आणि याचा दोष सर्वानुमते माझ्यावर ठेवण्यात आला आहे. (सर्वानुमते म्हणजे मी सोडून सगळे. माझं मत कुणी विचारलंच नाही!)

मुळात माझी चूक काय? मी पुढाकार घेतला, एवढीच!

गणपती बसतो बदलापूरला, दादाच्या फ्लॅटवर. आई तिथेच असते. मी आणि माझी बायको स्मिता अंबरनाथला राहतो आणि चतुर्थीला सकाळीच तिकडे जातो. आता चतुर्थीला गुरुजी मिळणं काय असतं, हे बदलापूरकरांना सांगायला नको. इथे ज्या वेगाने टॉवर वाढतात, त्या वेगाने गुरुजी वाढत नाहीत. कुळगावातले आमचे जुने गुरुजी त्या दिवशी स्कूटर बंदसुद्धा करत नाहीत, नुसतीच स्टँडला लावून वर येतात. एका वर्षी ते दिवेलागणीला उगवले. तोवर मोदक असे झाले होते की फोडायला नारळासारखे आपटावे लागले असते. तेव्हा बाबा होते. ते चिडून उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये गेले आणि पूजेचा तीन सीडींचा संच घेऊन आले. पहिल्या सीडीत प्रतिष्ठापना, दुसरीत आरत्या, तिसरीत उत्तरपूजा आणि विसर्जन.

तेव्हापासून आमची पूजा सीडीतले गुरुजीच सांगतात. खर्जातला आवाज, स्वच्छ उच्चार, आचमनाला पुरेसा वेळ देतात. आईचा त्यांच्यावर इतका विश्वास, की पूजा संपल्यावर ती प्लेअरला वाकून नमस्कार करते.

गेल्या वर्षी श्रावणातच तो प्लेअर गेला. मी तो घेऊन कॅम्प दोनमध्ये त्याच दुकानात गेलो. दुकानदाराने झाकण उघडलं, आत बघितलं आणि असा चेहरा केला की मला वाटलं, आता हा खांद्यावर हात ठेवणार.

"साईं, ये तो गया. इसका पार्ट अब किधर मिलेगा?"

"पर पूजा का सीडी है!"

"तो कंप्यूटर में डाल दो ना! भगवान को क्या फरक पडता है?"

भगवंताला फरक पडत नाही, हे मान्य. पण आमच्या आईला पडतो! तरी मी दादाला फोन करून सांगितलं, "काळजी करू नको. तिन्ही सीड्या मी लॅपटॉपवर घेतो. बटण दाबलं की पूजा."

आता मी कोण? अंबरनाथच्या एमआयडीसीत, केमिकल कंपनीत, क्वालिटी खात्यात ऑफिसर! दिवसभर मी बाटल्यांना लेबलंच लावतो. माझ्या हातून लेबल चुकलं तर अख्खा माल परत येतो. तेव्हा तीन सीड्या म्हणजे काय, किरकोळ काम! जुन्या लॅपटॉपमध्ये एकेक सीडी घातली. गाणी ठेवायचं जे सॉफ्टवेअर असतं, त्यात सगळं नीट उतरलं. प्रत्येक सीडीवरच्या तुकड्यांना एक, दोन, तीन असे क्रमांकही आपोआप पडले. शेवटी त्याने मला विचारलं, तिन्ही अल्बमचं नाव एकच आहे, एकत्र करू का? मी हो म्हटलं. मी का नाही म्हणेन? कुटुंबं एकत्र राहावीत असेच संस्कार आहेत माझ्यावर!

स्मिता म्हणाली, "एकदा पूर्ण ऐकून बघ ना."

"अगं, पूजा काय अशी उगाच ऐकायची असते?"

(हे वाक्य ती हल्ली पाहुण्यांना माझ्या आवाजात म्हणून दाखवते.)

चतुर्थीला सगळं थाटात. मखर झकास, मूर्ती पाटावर, दादा सोवळं नेसून समोर, आई शेजारी खुर्चीवर, कारण तिचे गुडघे. स्वयंपाकघरात वहिनी आणि स्मिता मोदकांना बसलेल्या. मी कोपऱ्यात लॅपटॉप ठेवला, बिनवायरीचा स्पीकर मखराजवळ ठेवला आणि बटण दाबलं. सीडीतले गुरुजी घुमले! आचमन झालं, संकल्प झाला. आई म्हणाली, "अरे वा, आवाज अगदी समोर बसल्यासारखा येतोय." मी नुसती मान हलवली. मोठी माणसं फार बोलत नाहीत.

आणि एकदम आरती सुरू झाली.

"एवढ्यात?" दादाने विचारलं.

"तू पूजेकडे लक्ष दे," मी म्हणालो.

सगळे उभे राहिले. वहिनी उकडीच्या हातांनी धावत आली, तिला टाळ्याही वाजवता येईनात. आरती संपते न संपते तोच गुरुजी म्हणाले, "आता यजमानांनी उत्तरपूजेच्या अक्षता वाहून मूर्ती जागेवरून किंचित हलवावी."

आमचा दादा म्हणजे आज्ञाधारकपणाचा पुतळा. बँकेत त्याला कुणी 'इथे सही' म्हटलं की तो सही करतो. त्याने अक्षता वाहिल्या आणि मूर्ती हलवली!

आईने जी किंकाळी फोडली, ती खालच्या मजल्यावर ऐकू गेली. "अरे, विसर्जन केलंस त्याचं! नैवेद्याआधी घालवलंस त्याला!"

"मी काय केलं? गुरुजी म्हणाले!"

"मग गुरुजींना कुणी सांगितलं?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी लॅपटॉपकडे बघितलं. त्या दीडशहाण्या सॉफ्टवेअरने काय केलं होतं? तिन्ही सीड्यांचे एक नंबरचे तुकडे आधी, मग तिन्हींचे दोन नंबरचे, मग तीन नंबरचे! म्हणजे देवाने यायची तयारी करायची, आरती घ्यायची, निघायचं आणि मग परत येऊन अंघोळ करायची! आता तुम्हीच सांगा, यात माझा काय दोष? एक नंबर एक नंबरच्या शेजारी बसला, हे कुठल्या क्वालिटी खात्यात चूक ठरतं?

दादाने कुळगावच्या खऱ्या गुरुजींना फोन लावला. मागे कुणाच्या तरी घरची घंटा वाजत होती.

"गुरुजी, आमच्याकडे यंत्रामुळे जरा आधीच विसर्जन झालंय."

"प्राणप्रतिष्ठा झाली होती का?"

"नाही."

"मग जाणार कोण? जो आलाच नाही तो जाईल कसा? पहिल्यापासून करा पुन्हा." मग त्यांनीच विचारलं, "ते यंत्र कोण चालवतंय?"

"धाकटा भाऊ."

"त्यांना जरा लांब बसवा."

फोनचा स्पीकर चालू होता! हे सगळ्यांनी ऐकलं!

आता मात्र मी पेटलो. म्हटलं, दहा मिनिटं द्या. एकत्र कुटुंब मोडलं आणि तीन वेगळे अल्बम केले. पुन्हा आकड्यांचा घोळ नको, म्हणून नावं चेकवर लिहितात तशी चक्क अक्षरी टाकली. भाग एक, भाग दोन, भाग तीन. शुद्ध मराठीत! पहिला संपला की आपोआप पुढचा लागेल, अशी सोय केली. शिवाय कुणी चुकून लॅपटॉपचं झाकण लावलं तरी पूजा थांबू नये, अशीही सोय केली. माणसाने याहून जास्त काय करायचं?

दुसऱ्यांदा सगळं कसं अगदी शास्त्रोक्त झालं. आवाहन, प्राणप्रतिष्ठा, पंचामृत, फुलं, नैवेद्य. आईचा चेहरा निवळला. "आता कसं बरं वाटतंय," ती म्हणाली. वहिनीने निरांजन लावलं, दादाने मंत्रपुष्पासाठी मुठीत अक्षता धरल्या, स्मिताने टाळ घेतले, मी विजयी मुद्रेने उभा.

स्पीकर बोलला, "आता आपण उत्तरपूजेस प्रारंभ करू."

त्या सॉफ्टवेअरने माझी शुद्ध मराठी नावं बाराखडीप्रमाणे लावली होती. एक, तीन, दोन! कारण त हा द च्या आधी येतो! पहिलीपासून म्हणत आलोय मी ती बाराखडी, पण ती अशी दगा देईल असं बाईंनी कधी सांगितलं नव्हतं!

"यजमानांनी अक्षता वाहाव्यात," गुरुजी म्हणाले. दादाच्या मुठीत अक्षता तयारच होत्या. त्याने वाहिल्या!

"दादा, थांब!"

"मूर्ती जागेवरून..."

दादाचे हात पुढे गेले. आणि आमची आई, जी कित्येक वर्षांत जमिनीवर बसलेली नाही, ती खुर्चीवरून अशी झेपावली की पाट दोन्ही हातांनी घट्ट धरून खालीच बसली. "हात तर लावून दाखव!" ती दादावर ओरडली. या खेपेला देव खरंच आलेला होता ना!

स्मिताने धावत जाऊन लॅपटॉपचं झाकण आपटलं. गुरुजी बोलतच राहिले. (झाकणाची सोय मीच केली होती.)

"बंद कर ना हे!" स्मिता किंचाळली.

"बटण सापडत नाहीये!"

"किंचित हलवावी," गुरुजी आग्रह करत होते.

शेवटी वहिनीने स्पीकर उचलला, स्वयंपाकघरात नेला, तांदळाच्या पिठाच्या डब्यात खुपसला आणि झाकण लावून त्यावर पाटा ठेवला. आतून बराच वेळ घोगरा आवाज येत होता. विसर्जनानंतर पाट कसा घरी आणावा, ते गुरुजी पिठाला समजावून सांगत होते.

आरत्या आम्ही तोंडी म्हटल्या. प्रत्येकाला वेगळं कडवं येत होतं, पण देव हलला नाही, हे महत्त्वाचं. आईला खालून उठवायला तिघं लागली.

पुढचे चार दिवस जो पाहुणा येईल त्याला मोदकाबरोबर हा प्रसंगही वाढला जात होता. संताप संताप झाला माझा! मी गप्प बसून शोध घेतला, तर त्या सॉफ्टवेअरमध्ये सीडीचा नंबर लिहायला एक वेगळा चौकोन निघाला. एवढासा, कोपऱ्यात, रिकामा. कुणाला दिसणार तो? मी प्रत्येक तुकड्यापुढे सीडीचा नंबर भरला. पुन्हा एकच अल्बम, आणि आत पहिली, दुसरी, तिसरी सीडी, अगदी क्रमाने. स्मिताला सगळी यादी शेवटपर्यंत वाचून दाखवली. तीही म्हणाली, "आता बरोबर आहे."

पाचव्या दिवशी विसर्जनाला सगळे जमले. स्पीकरमधलं पीठ ब्रशने काढलं होतं. आई म्हणाली, "नको रे." मी म्हणालो, "आई, आता क्रम चुकूच शकत नाही." आणि मोठ्या ऐटीत बटण दाबलं.

क्रम खरोखरच चुकला नाही. पहिल्या सीडीपासून सुरू झालं.

"आता आपण गजाननाला घरी बोलावू," गुरुजी प्रसन्नपणे म्हणाले.

आईने मूर्तीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "पहिल्या दिवशी त्याला येऊ देत नव्हतास," ती म्हणाली, "आणि आज जाऊ देत नाहीस!"

यंदा कुळगावच्या गुरुजींना आत्तापासूनच सांगून ठेवलंय. माझ्याकडे फक्त टाळ वाजवायचं काम आहे, तेही दुसऱ्या कुणीतरी सुरुवात केल्यावर.